डाटपुलावरची पाटी

रेवाडीकडे जाणाऱ्या छोट्या लाईनवर गुडगाव मागे पडलं की थोड्या वेळाने गाडी एकदम मवाळ होत असे. ही मीटरगेज जाऊन मोठी लाईन पडण्याआधीची गोष्ट. नवख्या माणसाला वाटे स्टेशन आलं. तो सामान गोळा करी. स्टेशन नसे. रुळाच्या कडेला एक पिवळी पाटी, पाटीवर पंधराचा आकडा, आणि पुढे कोरड्या नाल्यावर पाच कमानींचा दगडी पूल. हिंदीत कमानीला डाट म्हणतात, म्हणून आसपासच्या गावांत तो डाटपूल.

पूल इंग्रजांच्या वेळचा. नाला वर्षातून दोन महिने वाहतो आणि उरलेले दहा महिने म्हशी सांभाळतो, हे बघूनही बांधणाऱ्यांनी पाच कमानी घातल्या. अरवलीचा करडा दगड जवळ होता, मजूर स्वस्त होते, आणि साहेबाला आपल्या गावाकडच्या पुलाची आठवण येत असावी. लोखंडी पूल गंजतो, त्याला रंग लागतो, रंगाला माणूस लागतो. दगडी कमानीचं तसं काही नाही. वरून जितकं ओझं येईल तितके तिचे दगड एकमेकांना घट्ट धरतात. एकत्र कुटुंबाबद्दलही असंच म्हणतात, पण कमानीच्या बाबतीत ते खरं आहे.

सत्त्याहत्तर साली साहिबी नदीला पूर आला, नाला भरून वाहिला आणि पाणी कमानींच्या खांद्यापर्यंत चढलं. ओसरल्यावर तपासायला आलेल्या साहेबाला शेवटच्या कमानीच्या बुडाशी एक चीर दिसली. नख जाईल एवढी. त्याने रीतसर दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे, चीर चुन्याने बुजवून तिच्यावर आडवी एक काचेची पट्टी बसवली आणि तिच्या कोपऱ्यात तारीख कोरली. ही रेल्वेची जुनी पद्धत. कमान केसभर जरी हलली तरी दगड बोलत नाही, काच बोलते, ती तडकते. साहेबाच्या भाषेत तिला ‘टेलटेल’, म्हणजे चुगलखोर, म्हणतात. दुसरी गोष्ट म्हणजे, काच काही बोलेपर्यंत गाड्या सावकाश जाव्यात म्हणून त्याने पंधराची पाटी लावली.

काच बोलली नाही. पाटी राहिली.

पाटी लावायला शंका पुरते. पाटी काढायला खात्री लागते, आणि खात्रीखाली सही लागते. नंतर कितीतरी साहेब आले, ट्रॉलीतून उतरले, काच बघितली, रुमालाने पुसलीसुद्धा, आणि ‘निरीक्षण चालू ठेवावे’ असं लिहून बढतीवर गेले. उद्या काही झालंच तर कागदावर शेवटची सही आपली नसावी, एवढी दूरदृष्टी प्रत्येकाजवळ होती.

गाडी सावकाश जाते म्हटल्यावर लोक चढू-उतरू लागले. आधी दूधवाले, मग त्यांच्या ओळखीचे, मग मास्तर, मग ज्यांची कुणाचीच ओळख नव्हती असे. ड्रायव्हरही माणूस, कुणी म्हातारी दिसली की पंधराचे पाच करी. कुणीतरी दगड रचून ओटा केला, कुणीतरी त्याच्याजवळ चहाची टपरी टाकली. रेल्वेच्या दप्तरी तिथे काहीच नव्हतं आणि रोज सकाळी तिथे जत्रा भरे.

नव्वदीनंतर हवा बदलली. बाहेरच्या कंपन्या येणार, मानेसरला कारखान्यांसाठी जमिनी घेणार, अशा बातम्या आल्या आणि मोहरीची शेतं रातोरात ‘एन्क्लेव्ह’ झाली. पुलाजवळच्या शेताचा मालक श्याम यादव. त्याने नांगर विकून टेबल-खुर्ची घेतली, सफारी शिवला, आणि प्रॉपर्टी डीलर झाला. त्याच्या रंगीत कागदावर पाच कमानींचं चित्र होतं आणि खाली हिंदीत ‘घर से रेल, दो मिनट’. स्टेशन हा शब्द त्याने कुठेही छापला नव्हता. श्याम खोटं बोलत नसे. त्याच्या खऱ्याची मापं मात्र त्याची स्वतःची होती.

तो कागद दिल्लीच्या मराठी मंडळात पोचला गुलाबराव शिर्क्यांमार्फत. गुलाबराव कृषी मंत्रालयातून निवृत्त झालेले आणि मंडळाचे तहहयात चिटणीस. दर संक्रांतीला ते मंडळींची बस पानिपतला काला अंबला नेत, स्मारकापुढे भाषण करत, आणि परतीच्या वाटेवर बसमध्ये जमेल ते खपवत. तिळगूळ, सहलीची वर्गणी, लग्नाची स्थळं. त्या वर्षी प्लॉट होते.

बसमध्ये मागच्या बाकावर विश्वनाथ पाठारे होते. रेल्वेत पुलांचे मोठे इंजिनिअर. त्यांच्या खात्यात जमेला प्रामाणिकपणा होता आणि नावे जीभ. फुकट पासावर घरच्यांनाही दोनदा विचार करून बसवणारा हा माणूस. पण चार लोक ऐकायला असले की त्यांना गप्प बसवत नसे.

“विश्वनाथराव, हे तुमचं खातं,” गुलाबरावांनी कागद हलवला. “गाडी पुलावर हळू होते म्हणतात, अच्छा. उद्या तुमच्या लोकांनी ती पाटी काढली तर?”

“गुलाबराव, ती पाटी काढायला सही करावी लागते. माझ्या हयातीत असा साहेब जन्माला यायचा नाही.”

“म्हणजे बिल्कुल पक्कं?”

“सरकारी शंकेपेक्षा पक्कं या देशात दुसरं काय आहे?”

बस हसली. आणि हसणाऱ्यांतल्या निम्म्यांनी महिन्याभरात श्यामकडे बयाणा दिला. त्यांनी चौकशी केली नाही असं नाही. मराठी मध्यमवर्गीय माणूस जमीन घेताना सातबारा बघतो, नकाशा बघतो, शेजारी कोण ते बघतो. यांनी ते सगळं बघितलं, सातबाऱ्याच्या जागी इकडची जमाबंदी. फक्त रेल्वेच्या बाबतीत रेल्वेचाच माणूस बोलला होता, आणि आपल्यातला होता, तेव्हा तिथे वेगळा कागद मागणं बरं दिसलं नसतं.

न हसता प्लॉट घेणाऱ्या एकच होत्या. विश्वनाथरावांच्या थोरल्या बहीण, हेमलताताई. पहाडगंजच्या मराठी शाळेत गणित शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. वडील लवकर गेले आणि विशूचं शिक्षण व्हायचं होतं. विशू इंजिनिअर झाल्यावर त्या त्याच्याबरोबर रेल्वे क्वार्टरमध्ये राहू लागल्या. त्यांची खोली म्हणजे काचा लावून बंद केलेली गॅलरी. भावजय पद्मजा चांगली होती. गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढायला येताना ती दरवेळी विचारी, “येऊ ना, ताई?” पंचवीस वर्षं विचारत आली. दार वाजवण्याची गरज नव्हती, कारण दार नव्हतं.

फंडाच्या पैशातून ताईंनी पुलापलीकडे घर बांधलं. खाली दोन खोल्या, वर तीन. वास्तुशांतीला त्यांनी सगळ्यांना घर दाखवलं ते दारं उघडून आणि लावून. प्रत्येक दार.

वरच्या खोल्यांत महाराष्ट्रातून कलेक्टर व्हायला आलेली मुलं-मुली राहू लागली. परभणीचा रिझवान, साताऱ्याकडचा हणमंत, यवतमाळची शिवांगी. क्लास करोल बागेत. तिथे खाटेला जे भाडं पडे त्यात इथे खोली, दोन वेळचं जेवण आणि ताईंचं अंकगणित मिळे. सकाळी पुलाजवळ गाडी पकडायची, सराय रोहिल्लाला उतरायचं, तिथून करोल बाग चालत. ताईंचं सगळं घर त्या एका पाटीवर उभं होतं. गाडी हळू झाली नाही तर मुलं तिथे राहणार नव्हती, मुलं नसली तर पेन्शनीत एवढं घर चालणार नव्हतं, आणि घर नसलं तर गॅलरी होतीच. विश्वनाथरावांनी निवृत्तीनंतरसाठी द्वारकेला सोसायटीत फ्लॅट घेतला होता. “तिथेही बाल्कनी मोठी आहे, ताई,” पद्मजा प्रेमाने सांगत असे.

विश्वनाथराव महिन्यातून एका रविवारी बहिणीकडे जेवायला जात. गाडी पुलावर हळू होई, ताईंची मुलं टपाटप उतरत, खाली ताई हात वर करून उभ्या असत. विश्वनाथराव दारात उभं राहून त्यांना हात करत आणि पुढे जात. चालत्या गाडीतून उतरणं नियमात बसत नाही. ते पुढच्या स्टेशनवर उतरत, तिकीट तपासनिसाला आपणहून पास दाखवत, आणि रिक्षाने परत येत. तोवर आमटी दुसऱ्यांदा गरम झालेली असे.

“काका, उतरायचं की यार,” हणमंत चिडवी. “तुमचाच तर पूल आहे.”

“माझा आहे म्हणूनच,” विश्वनाथराव म्हणत.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यानंतर फाईल हलली. कारखाने उभे राहत होते, नवी जलद गाडी सोडायची होती, आणि वरच्या साहेबांना नकाशावर एकच जागा खुपत होती. वीस वर्षं गाड्या एका शंकेसाठी पंधराने चालतायत, याचा निकाल लावा. पाहणी करा आणि स्पष्ट लिहा. फाईल ज्या टेबलावर येऊन थांबली त्याच्यापुढे विश्वनाथ पाठारे बसले होते. निवृत्तीला वर्ष राहिलेलं नव्हतं.

त्या रविवारी जेवताना त्यांनी ते सांगून टाकलं. न सांगता राहणं त्यांना जमलं नसतं.

ताईंनी वाढता वाढता विचारलं, “म्हणजे पाटी जाणार?”

“ते काचेवर आहे.” आणि मग शिवांगीने “कुठली काच, काका?” असं विचारल्यावर त्यांना रंग चढला. चीर कुठे, पट्टी कशी बसवतात, कमान हलली की काय होतं, हे त्यांनी पापडाचे तुकडे करून ताटात मांडून दाखवलं. “शाबूत असली तर कमान ठणठणीत. फुटली असती तर गोष्ट वेगळी. मग कुणाची छाती नाही पाटीला हात लावायची.”

“आणि तुम्ही बघितलीय ती?”

“गेल्या खेपेस शाबूत होती. पुढच्या गुरुवारी पाहणी आहे, तेव्हा बघू.”

ताई दही आणायला आत गेल्या. बोलणाऱ्याने ताटाकडे बघावं, ऐकणाऱ्यांकडे नव्हे, हा धडा विश्वनाथरावांनी तेव्हाही घेतला नाही.

गुरुवारी ते ट्रॉलीने आले. बरोबर परीक्षित नावाचा तरुण असिस्टंट होता, मेरठकडचा, हातोडी आणि वही घेऊन. त्यांनी पाचही कमानींखाली फिरून दगड ठोकून ऐकला. ठोकल्यावर भरीव दगड वाजतो आणि पोकळ दगड खोकतो. एकही खोकला नाही. चुना जिथे झडला होता तिथेही सांधे घट्ट होते. निचऱ्याच्या नळांत पाणी तुंबलेलं नाही, मुळांनी कुठे डोकं काढलेलं नाही. विश्वनाथरावांचा चेहरा खुलत गेला. इंजिनिअरला दुसऱ्याने शंभर वर्षांपूर्वी नीट केलेलं काम बघून जो आनंद होतो, तो त्याला स्वतःच्या कामाने होत नाही, कारण स्वतःचं काम त्याला माहीत असतं.

शेवटच्या कमानीपाशी ते थांबले. चीर उभ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर होती. काच फुटलेली होती.

“सर, टूट गया,” परीक्षित वहीत लिहू लागला. “मतलब डाट हिली है?”

विश्वनाथरावांनी चष्मा पुसला आणि जवळ गेले. कमान हलली की काच चिरेच्या रेघेवर तडकते, एक सरळ तडा जातो आणि दोन्ही तुकडे आपापल्या जागी चिकटून राहतात. इथे मधोमध एक बिंदू होता आणि तिथून चहूकडे किरणं फुटली होती. अर्धी काच खाली पडलेली. चीर जशी होती तशीच, बुजवलेल्या चुन्याचा साधा टवकासुद्धा उडालेला नव्हता.

“किसी ने मारा है,” ते म्हणाले.

“शरारती बच्चे होंगे, सर.”

विश्वनाथराव आणखी जवळ सरकले. ते त्या बिंदूकडे बघत होते. तिथे मुंग्या होत्या. एक बारीक ओळ नाल्यातून वर चढून काचेच्या मधोमध जमत होती. काचेला मुंग्या लागत नाहीत, चुन्याला लागत नाहीत. त्यांनी बोटाने टिपून बघितलं. बोट तेलकट झालं. दाण्याचा कूट.

त्या सगळ्या पट्ट्यात दूध होतं, तूप होतं, मोहरीचं तेल होतं. खलबत्त्यात दाण्याचा कूट करणारी माणसं पुलापलीकडच्या एन्क्लेव्हमध्येच राहत होती. त्यातल्याही बहुतेकांनी मिक्सर घेतला होता. लोखंडी बत्ता एकाच घरात उरला होता, आणि तो त्यांच्या आईचा होता.

परीक्षितला ट्रॉलीजवळ थांबायला सांगून ते एकटे वर गेले. ताई ओसरीत तांदूळ निवडत होत्या.

“ताई, बत्ता कुठाय?”

“ओट्यावर. का?”

“धुतलास?”

ताईंनी सुपातून एक खडा काढला, बघितला, बाजूला टाकला. “आधी नाही धुतला. घाईत होते.”

“तुला कळतंय का तू काय केलंस? रेल्वेची वस्तू आहे ती.”

“वीस वर्षं तिच्याकडे कुणी बघितलं नाही, तेव्हा रेल्वेची नव्हती?” ताई म्हणाल्या. “विशू, मी तुझ्याकडे काही मागत नाही. तूच म्हणालास, फुटली तर पाटीला कुणी हात लावत नाही. मी गणित केलं.”

“गणित चुकलं. फुटली याचा अर्थ कमान हलली. असं मी लिहिलं तर नुसती पाटी राहत नाही, पूल पाडतात. शेजारी नवा लोखंडी बांधतात, आणि त्याच्यावरून गाडी भन्नाट जाते.”

हे ताईंच्या गणितात नव्हतं. त्यांचे हात थांबले.

“मग काय लिहिणार?”

“जे आहे ते.”

“आणि जे आहे ते काय आहे?”

“पूल उत्तम आहे, ताई.” हे म्हणताना त्यांचा आवाज, नाही म्हटलं तरी, थोडा आनंदी झाला.

ताईंनी सूप उचललं. “द्वारकेची बाल्कनी कुठल्या दिशेला आहे?” त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आत गेल्या.

अहवाल त्यांनी दोन दिवसांत लिहिला. कमानी पूर्ण सुस्थितीत. काच बाहेरच्या आघाताने फुटलेली. कमानीच्या हालचालीशी संबंध नाही. वेगमर्यादा उठवण्यास हरकत नाही. आणि खाली, वीस वर्षांत जी कुणी केली नव्हती ती सही केली. पाठारे या आडनावातला प्रत्येक काना नीट काढून. घरी पद्मजाला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “बाल्कनीला काचा लावून घ्यायला हव्यात मग.”

पण सही करायला छाती लागते तशी ती मान्य करायलाही लागते. फाईल वर गेली आणि पंधरवड्यात खाली आली. वरच्या साहेबांनी समासात लिहिलं होतं: काच फुटली हे आपणच म्हणता. कशाने फुटली हे काच सांगत नाही, आपण सांगता. गँगमनचीही फुटल्याची वर्दी आहे. तेव्हा नवी काच बसवावी, एक पूर्ण वर्ष निरीक्षण करावं, मग निर्णय घेता येईल. तोवर पाटी असू द्यावी.

विश्वनाथराव साहेबांना भेटले, किरणं आणि सरळ तडा यांतला फरक कागदावर काढून दाखवला. साहेब समजूतदार होते. “पाठारेजी, आपकी बात सही है,” ते म्हणाले. “लेकिन आप तो जून में रिटायर हो रहे हैं. मैं नहीं.”

नवी काच बसली. नवी जलद गाडी वाजतगाजत सुरू झाली आणि डाटपुलावर येऊन जुन्या गाडीसारखीच मवाळ झाली. एन्क्लेव्हमध्ये पेढे वाटले गेले. पुढच्या संक्रांतीला काला अंबहून परतताना गुलाबरावांनी बसमध्येच विश्वनाथरावांना शाल घातली. “पानिपतावर आपल्याला वेळेवर कुमक मिळाली नाही,” ते म्हणाले, “पण डाटपुलावर मिळाली.”

“मी पाटी काढायचीच शिफारस केली होती,” विश्वनाथराव म्हणाले. “सही केलीय मी.”

बस पुन्हा हसली. एवढा विनोदी माणूस रेल्वेत कसा गेला, असं कुणीतरी म्हणालं. हेमलताताई तिसऱ्या बाकावर होत्या. त्या याही वेळी हसल्या नाहीत. भाऊ खरं बोलतोय हे त्या बसमध्ये एकट्या त्यांनाच ठाऊक होतं. त्या वर्षभर तो रविवारी येत राहिला, त्या वाढत राहिल्या. पण आमटी आता एकदाच गरम होई. तो पोचेपर्यंत थंड झाली तर थंड.

जूनमध्ये ते निवृत्त झाले, द्वारकेला राहायला गेले. बाल्कनीला काचा लागल्या. पद्मजाने तिथे एक पलंगही टाकून ठेवला, रिकामा.

भाऊबीज आली. काचेचं वर्ष भरत आलं होतं. पंधरा दिवसांनी नवीन साहेब बघायला येणार होता, आणि तो नव्या पिढीचा, सही करणारा आहे अशी ख्याती होती. विश्वनाथराव आता पासावर नव्हे, तिकिटावर आले. गाडी पुलावर हळू झाली, ओट्यावर ताई उभ्या होत्या. ते दारात आले. क्षणभर ताईंना वाटलं, उतरतात. त्यांनी हात केला आणि पुढच्या स्टेशनला गेले.

ताईंनी ओवाळलं. विश्वनाथरावांनी तबकात पाकीट ठेवलं. मुलं दिवाळीला गावी गेली होती, घरात दोघंच. जेवण निम्मं झालं होतं.

“काच?” शेवटी त्यांनी विचारलं.

“शाबूत आहे. रोज बघून येते.”

“हं.”

“विशू, एक विचारते. खरं सांग, कागदावर सांगतोस तसं. पूल चांगला आहे?”

“माझ्या सहीवर विश्वास नाही तुझा?”

“आहे म्हणून तर विचारते.” ताईंनी भाताचं पातेलं पुढे ओढलं. “मी काच फोडली त्या दिवसापासून मला झोप नव्हती. तू म्हणालास, फुटली याचा अर्थ कमान हलली. पूल उत्तम म्हणालास, पण ते तोंडी; मनात आलं, खरंच हललेली असली तर? माझी मुलं रोज त्या गाडीत असतात. तू मर्यादा उठवायला सही केलीस हे कळलं, त्या रात्री झोपले. राग आला तुझा, पण झोपले.”

विश्वनाथराव पाणी प्यायले. “शंभरची गाडी गेली तरी हलणार नाही. हवं तर लिहून देतो.”

“नको. एकदा दिलंयस.”

ताईंनी त्यांच्या पानात तूप वाढलं. ते भाताकडे बघत, जणू भातालाच समजावून सांगावं तसं बोलू लागले.

“खरी हललेली कमान काच कशी फोडते माहितीय? एकच रेघ. अगदी चिरेवर. तुकडा पडत नाही. लांबून तर दिसतही नाही, नख फिरवलं की लागते. अशा काचेवर कुठलाही साहेब पूल पाडा म्हणत नाही. केसभरच तर आहे. आणि पाटी काढा असंही म्हणत नाही. पुन्हा काच बसवा, पुन्हा वर्षभर बघा, एवढंच लिहितो. मीही तेच लिहिलं असतं.”

“बत्त्याने तशी होत नाही,” ताई म्हणाल्या.

“बत्त्याने नाहीच होत.”

“मग?”

“काचवाल्यांकडे हिरा मिळतो, काच कापायचा. करोल बागेत कुठल्याही फ्रेमवाल्याकडे.” त्यांनी भात कालवला. “मी आपलं सर्वसाधारण बोलतोय.”

“बोल की. तुला कोण अडवतंय,” ताई म्हणाल्या. “आमटी गार झाली. थांब, गरम करून आणते.”

संध्याकाळी ते रिक्षाने स्टेशनवर गेले, तिकीट काढून दिल्लीच्या गाडीत खिडकीशी बसले. पुलावर गाडी हळू झाली. त्यांनी ओट्याकडे बघितलं. ताई तिथे नव्हत्या. त्या खाली नाल्यात होत्या, शेवटच्या कमानीच्या बुडाशी, पदर खोचून. मुलाची पाटी तपासावी तशा काचेसमोर उभ्या राहून त्या बोटाने वरून खाली एक सरळ रेघ काढून बघत होत्या. गाडीकडे त्यांचं लक्ष नव्हतं.